त्र्यंबकला जाताय? आधी ब्रह्मगिरी, मग दर्शन

नाशिकहून त्र्यंबक ३० किमीच्या आत, एसटी नाहीतर सिटीलिंकची सिटी बस धरली की साधारण तासाभरात पोचता, त्यामुळे बहुतेक लोकं काय करतात, उशिरा निघतात, तीन-चार तास दर्शनाच्या लाईनीत जातात, जेवतात आणि परत. ब्रह्मगिरीचा डोंगर राहतो तो राहतोच. माझं ऐकाल तर उलटं करा.

सकाळची लवकरची बस धरा आणि उतरल्यावर सरळ ब्रह्मगिरीकडे चालू लागा, म्हणजे ऊन तापायच्या आत वर. खालच्या पायऱ्या सोप्या आहेत, मध्ये गंगाद्वारच्या देवळाचा फाटा लागतो, ते उतरताना करा. वरच्या पायऱ्या मात्र कातळात कोरलेल्या, उंच उंच, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहतं आणि शेवाळ असतं, त्यामुळे ग्रीपवाले बूटच घाला, चप्पल नकोच. आणि हातात पिशवी धरू नका. माकडं फार धीट आहेत, माझ्या आईच्या हातातली केळ्यांची पिशवी एका झटक्यात ओढली, ती दचकून मागे पायरीवर बसली, नशीब घरंगळली नाही. खाऊ सगळा सॅकमध्ये, चेन लावून.

वर पठारावर भन्नाट वारा, आणि गोदावरीचा उगम. एवढंसं पाणी, हेच पुढे आपला रामकुंड, पैठण, नांदेड करत १४६५ किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं, मला दर वेळी तिथे भरून येतं. जटामंदिरावरून पुढे पायवाट दुर्गभांडार किल्ल्याला जाते, कातळात खंदकासारखा खोदलेला जिना उतरायचा, मग दोन्हीकडे दरी असलेली दगडाची चिंचोळी वाट, पलीकडे परत कोरीव जिना आणि वाकून जावं लागेल असा छोटा दरवाजा. जबरदस्त जागा आहे, पण धुकं किंवा जोराचा वारा असेल तर जटामंदिरावरूनच मागे फिरा.

उतरल्यावर कुशावर्त कुंड, निवृत्तीनाथांची समाधी, मग दर्शन. सोमवार टाळा, श्रावणातला तिसरा तर नक्कीच, ब्रह्मगिरीच्या फेरीची, म्हणजे प्रदक्षिणेची, प्रचंड गर्दी असते.

अंजनेरीचा डोंगर नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच आहे पण त्याला वेगळा दिवस द्या, पावसाळ्यात तिथे कंदीलपुष्पं फुलतात, त्यातल्या एका जातीला तर अंजनेरीचंच नाव आहे. फोटो काढा, तोडू मात्र नका प्लीज. आणि मे महिन्यात गेलात तर वाटेवर बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात, घासाघीस न करता घ्या.