एका शब्दातून नवं पात्र घडवताना

'धबधबा' असा एकच शब्द दिला की बहुतेक वह्यांत निळ्या केसांची जलपरीच उतरते. ती टाळायला ही पद्धत मला फार उपयोगी पडली.

१. सुचलेल्या पहिल्या तीन कल्पना लिहून काढा आणि खोडा. त्या सगळ्यांनाच सुचतात.

२. शब्द स्वतः पाहिलेल्या जागी नेऊन ठेवा. मी बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्यावर नेला. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात पाणी गढूळ, तांबूस, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. उन्हाळ्यात तोच कडा जवळजवळ कोरडा.

३. जागेतली एकच खरी गोष्ट घ्या. तीच पात्राचं बळ करा आणि तीच उणीवही. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, सगळी गंमत इथेच आहे. माझी म्हातारी राखणदारीण यातूनच आली. धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावरची माणसांची बोलणी ती पावसाळाभर पाण्यात साठवते, पण तेव्हा तिला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. चैत्रात धार आटली की सगळी एकदम कानावर येतात: भांडणं, नवस, लग्नाची बोलणी, मराठीत आणि कन्नडमध्येही.

४. पात्राला रोजचं एक काम द्या. नाव, कपडे, शस्त्र शेवटी.

एक मात्र सांभाळा: त्या जागी पूजल्या जाणाऱ्या देवतेलाच नवं नाव देऊन पात्र म्हणून उभं करू नका. लोकांची श्रद्धा दुखावते आणि पात्रही तुमचं राहत नाही.