बेडकाच्या अंडपेशीची मेंब्रेन मोजायची असेल तर पल्स लांब ठेवा

झेनोपस बेडकाची अंडपेशी म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटरचा गोळा, अर्धा तपकिरी अर्धा पिवळसर, नुसत्या डोळ्यांना दिसतो, त्यामुळे मेंब्रेनची (पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणाची) इलेक्ट्रिकल मापं घ्यायला शिकायचं तर ही पेशी एकदम सोयीची. पण सोपी वाटते म्हणून माणूस घाई करतो आणि तिथेच गंडतो. मी पण गंडलेय.

आधी कोलॅजनेज या एन्झाइमने भोवतीचा फॉलिकलचा (अंडपेशीला वेढणाऱ्या पेशींचा) थर काढून टाका, कारण त्या पेशी अंडपेशीला जोडलेल्या असतात आणि रीडिंगमध्ये लुडबुड करतात. बाथच्या, म्हणजे पेशी ज्यात ठेवायची त्या सोल्यूशनमध्ये सोडियम क्लोराइड ९६ मिलिमोलर, पोटॅशियम फक्त २. दोन काचेच्या पिपेट ओढून ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरायचं, आत क्लोराइडचा थर चढवलेली चांदीची तार, पिपेटचा रेझिस्टन्स साधारण ०.५ ते २ मेगाओम. टोकात बुडबुडा अडकला तर रीडिंग नाचत बसतं, तेव्हा तो आधीच बघा. मग दोन्ही टोकं बाथमध्ये बुडवून झीरो करा.

आता टोचायचं. टोक टेकलं की पेशीवर खळी पडते, हळूच अजून पुढे न्या, खळी झटकन सपाट होते आणि व्होल्टेज खाली कोसळतं. लगेच आकडा लिहू नका! काचेभोवती मेंब्रेन घट्ट बसायला काही मिनिटं लागतात. चांगली पेशी मायनस ३० ते मायनस ६० मिलिव्होल्टला स्थिरावते, मायनस १० च्या आसपासच रेंगाळत असेल तर गळतेय, दुसरी घ्या.

मग दुसरी पिपेटही तशीच टोचून तिच्यातून २० नॅनोअँपिअर करंटची पल्स सोडा, म्हणजे ठरावीक वेळच करंट द्या. मेंब्रेनचा रेझिस्टन्स १ मेगाओम असेल तर २० मिलिव्होल्टचा फरक यायला हवा, पण कपॅसिटन्स (मेंब्रेनची चार्ज साठवायची क्षमता) २०० नॅनोफॅराडच्या घरात, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज किती हळू चढतं त्याचं माप) ०.२ सेकंद, आणि मी १०० मिलिसेकंदाची पल्स देऊन ८ मिलिव्होल्ट बघत बसले होते आणि पेशी खराब आहेत म्हणून टाकत होते. पल्स निदान १ सेकंदाची द्या.

आणि कपॅसिटन्स २०० आला म्हणून चूक शोधत बसू नका. गुळगुळीत गोळ्याचा हिशोब ४५ नॅनोफॅराडच निघतो हे खरं, पण पृष्ठभागावर मायक्रोव्हिलायच्या, म्हणजे बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांच्या, बारीक घड्या असतात, बाकीची मेंब्रेन त्यांच्यातच दडलेली असते.