लाइन फॉलोअरचे सेन्सर मागवण्याआधी

लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरच्या रेषेमागे आपोआप धावणारा रोबो. त्याच्या स्पर्धेचे नियम आधी पेन हातात घेऊन वाचा. रेषा काळी की पांढरी, किती रुंद, वळणं गोल की काटकोनी, वाटेत अडथळा आहे का, हे कागदावर उतरेपर्यंत काही मागवू नका.

रेषा ३ सेंटिमीटरची असेल तर ८ सेन्सरची पट्टी घ्या. प्रत्येक सेन्सरचा एलईडी खाली इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) टाकतो आणि सेन्सर तो किती परत आला ते मोजतो. साधारण साडेनऊ मिलिमीटरवर एक सेन्सर म्हणजे रेषेवर एका वेळी तीन येतात, आणि रोबो किती सरकलाय ते नेमकं कळतं. दोन सुट्या मॉड्यूलवरही रोबो चालतो, पण डुलत डुलत. मात्र पिना आधी मोजा. आर्डुइनोच्या ऊनो बोर्डला अॅनालॉग पिना (सेन्सरचा कमी-जास्त आकडा वाचणाऱ्या) सहाच. नॅनोला आठ आहेत, पण सगळ्या पट्टीला दिल्या तर आयटूसीच्या (दुसऱ्या चिपशी बोलायच्या) दोन त्यातच जातात, मग जायरो (रोबो किती वळला ते मोजणारा सेन्सर) जोडणार कुठे?

पट्टी जमिनीपासून ३ मिलिमीटरवर बसवा. जुनी चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की तेवढी उंची भरते. ती खाली सरकवून मगच स्क्रू आवळा.

आता उजेड. आमचा सगळा सराव रात्री ट्यूबलाइटखाली झाला होता आणि स्पर्धेचा ट्रॅक निघाला खिडकीशेजारी. दुपारचं ऊन ट्रॅकच्या फ्लेक्सवर पडलं, पांढऱ्याचे आणि काळ्याचे आकडे जवळजवळ सारखे झाले, आणि रोबो पहिल्याच वळणावर सरळ बाहेर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. म्हणून एलईडी बंद-चालू करता येणारी पट्टीच घ्या: बंद असतानाचा आकडा चालूच्या आकड्यातून वजा करायचा. भोवती काळ्या कार्डपेपरची झालरही लावा. सराव इन्सुलेशन टेपवर नको, छापील फ्लेक्सवरच करा; डोळ्याला सारखेच दिसणारे दोन काळे रंग इन्फ्रारेडला वेगळे असू शकतात.

अडथळा असेल तर वेगाचा हिशेब करा. अल्ट्रासॉनिकच्या (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) दोन मापांत ६० मिलिसेकंद सोडावी लागतात. सेकंदाला १ मीटर वेगाने रोबो तेवढ्यात ६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

स्पर्धेच्या सकाळी मोबाइलचा पुढचा कॅमेरा पट्टीखाली धरा. बऱ्याच फोनमध्ये चालू एलईडी जांभळट दिसतात, गेलेला लगेच सापडतो. वायर जोडलेली जादा पट्टी पिशवीत असू द्या, आणि कॅलिब्रेशनचं (काळ्या-पांढऱ्याचे आकडे नव्याने नोंदवायचं) बटण रोबोच्या वरच्या बाजूला, लॅपटॉपशिवाय दाबता येईल असं.