पोप गेले, तर पानावर काय आणि कधी: रात्रपाळीसाठी टिपण

डेस्कवर नव्याने आलेल्या मुलांसाठी हे लिहून ठेवतेय. मी वसईची, घरात रोज संध्याकाळी रोझरी होते, त्यामुळे व्हॅटिकनची बातमी आली की सगळे माझ्या टेबलाकडे बघतात. मी सुट्टीवर असले तर पंचाईत नको, म्हणून एकदा नीट सांगते. उदाहरण २०२५चं घेतलंय. तारखा-वेळा अजून तोंडपाठ आहेत, आणि त्या वर्षी डेस्कवर जे जे होऊ शकतं ते सगळं झालं.

पहिली गोष्ट म्हणजे थांबायचं. पोप फ्रान्सिस १४ फेब्रुवारी ते २३ मार्च रोमच्या जेमेली रुग्णालयात होते, आणि त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपने त्यांना कितीतरी वेळा मारलं. पोपचा मृत्यू जाहीर करण्याची एक ठरलेली रीत आहे. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, नवा पोप तेच निवडतात. त्यांच्यातला एक कामेरलेंगो असतो. पोपची गादी रिकामी असते तेवढ्या काळात दैनंदिन कारभार तो बघतो आणि मृत्यूची खातरजमाही तोच करतो. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, कार्डिनल केव्हिन फॅरेल यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं की सकाळी ७.३५ला पोप गेले. ते सांगेपर्यंत रोममध्ये पावणेदहा होऊन गेले होते, म्हणजे आपल्याकडे दुपारचा सव्वा. आदल्याच दिवशी हा माणूस लोकांना आशीर्वाद देऊन, उघड्या गाडीतून चौकात फिरून गेला होता, त्यामुळे खरी बातमी आली तेव्हा उलट कुणाचा विश्वास बसेना. व्हॅटिकनच्या प्रसिद्धी विभागाचं निवेदन डोळ्यांनी वाचल्याशिवाय ‘ब्रेकिंग’ टाकायचं नाही. आणि पहिल्या बातमीत मृत्यूचं कारण लिहायचं नाही. फुप्फुसांच्या आजारामुळे सगळ्यांनी न्यूमोनिया गृहीत धरला होता. संध्याकाळी डॉक्टरांचा दाखला आला तो पक्षाघात आणि त्यानंतर हृदय बंद पडल्याचा.

मृत्युलेख तयार असतोच. तो उघडून फक्त वय आणि तारीख बदलू नका, एकदा सगळा वाचा. होर्हे मारिओ बेर्गोलिओ, जन्म १७ डिसेंबर १९३६, ब्युनोस आयर्स. लॅटिन अमेरिकेतले पहिले पोप, पहिले येशूसंघीय (जेझुइट) पोप. भारतात ते कधीच आले नाहीत. हे ठळक लिहितेय, कारण दर वेळी कुणीतरी ‘मुंबई भेटीच्या आठवणी’ मागतं. मुंबईला सहावे पॉल आले १९६४ साली, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी. दुसरे जॉन पॉल १९८६ मध्ये आले, तेव्हा मुंबई-गोव्यालाही आले होते, आणि १९९९ मध्ये पुन्हा आले ते दिल्लीला. आजोबांच्या पेटीतला फोटो घेऊन कुणी आलंच तर तो या तीनपैकी एका दौऱ्याचा असणार.

आता प्रतिक्रिया. इथे आपण फार आळशी आहोत. पंतप्रधानांची पोस्ट, दोन मुख्यमंत्र्यांच्या पोस्टी, ‘मानवतेचा आधारवड हरपला’, झालं पान. सरकारी बाजू एका चौकटीत मावते: भारताने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा पाळला आणि अंत्यसंस्काराला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गेल्या. खऱ्या प्रतिक्रिया सरळ नव्हत्या, आणि बातमी तिथेच होती. गाझातल्या एकमेव कॅथलिक धर्मग्रामाला हे पोप युद्धाच्या काळात जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे. तिथल्या लोकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. इस्रायलच्या अधिकृत खात्यावरून आलेली शोकसंदेशाची पोस्ट मात्र काही वेळाने काढून टाकली गेली. अर्जेंटिनात रडणारेही होते आणि पोप झाल्यावर बारा वर्षांत एकदाही मायदेशी फिरकले नाहीत म्हणून रुसलेलेही. खुद्द चर्चमध्ये जुन्या लॅटिन मिस्सेवर (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) २०२१ मध्ये आणलेल्या निर्बंधांमुळे आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याच्या २०२३च्या परवानगीमुळे एक मोठा गट त्यांच्यावर नाराज होता. मृत्यूच्या दिवशी हे लिहू नये असं काहींना वाटतं. माझ्या मते दुसऱ्या दिवशीच्या पानात हे यायलाच हवं. नाहीतर पुढे नव्या पोपच्या निवडणुकीत कोण कुणाच्या विरोधात आहे ते वाचकाला कळणार कसं?

स्थानिक प्रतिक्रियेसाठी वार्ताहराला वसई, वांद्रे, माहीम कुठेही पाठवा, पण ‘काय वाटतंय?’ विचारायला पाठवू नका. त्याला म्हणावं, संध्याकाळच्या मिस्सेला मागच्या बाकावर बस आणि ऐक. मिस्सेच्या मधल्या मोठ्या प्रार्थनेत रोज पोपचं आणि स्थानिक बिशपचं नाव घेतलं जातं. गादी रिकामी झाली की त्यातलं पोपचं नाव गळतं. त्या आठवड्यात आमच्या फादरांनी सवयीने ‘आमचे पोप’ म्हटलं, अर्धा क्षण थांबले आणि पुढे थेट बिशपांच्या नावावर गेले. माझ्या शेजारच्या मावशींनी डोळ्याला पदर लावला तो तेव्हा. फादरांचं प्रवचन तोवर बरंच लांबलं होतं, त्यात त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. आपल्याला लिहायचं असतं ते हे. ओळखीच्या कॅथलिक माणसाला फोन करायचा झाला तर ‘तुमचे पोप गेल्याचं कळलं, वाईट झालं’ एवढं पुरे. आणि त्याच फोनवर ‘आता पुढे कोण?’ विचारू नका. अंत्यसंस्कार होऊ द्या.

पुढचं वेळापत्रक नियमाने ठरलेलं असतं, म्हणून पानाचं नियोजन करता येतं. दफन मृत्यूनंतरच्या चौथ्या ते सहाव्या दिवसात. २०२५ मध्ये २६ एप्रिलला, शनिवारी झालं. फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या मुख्य चर्चच्या, सेंट पीटर्सच्या, तळघरातली जागा नाकारून रोममधल्याच सांता मारिया मज्जोरे या मरियामातेच्या महामंदिरात पुरायला सांगितलं होतं, आणि थडग्यावर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’ एवढीच अक्षरं. नऊ दिवस शोकाच्या मिस्सा चालतात. कॉन्क्लेव्ह, म्हणजे निवडणुकीची बंद खोलीतली बैठक, गादी रिकामी झाल्यापासून पंधरा ते वीस दिवसांत सुरू होते. मधल्या दिवसांत कार्डिनलांच्या रोजच्या बैठका होतात. त्यांना ऐंशी ओलांडलेलेही बसतात, बोलतात, पण मत देऊ शकत नाहीत. या दिवसांत बातमी नसते, नुसत्या वावड्या असतात. ‘सूत्रांनी सांगितले’ असं रोमहून काही आलं तर ते कोणत्या गटाने सोडलंय ते आधी बघा.

मतांचं गणित दहावीच्या मुलालाही जमेल, तरी दर वेळी चुकीचं छापलं जातं. मताचा हक्क गादी रिकामी होण्याच्या दिवसाआधी ऐंशी पूर्ण न झालेल्यांना. हा नियम सहाव्या पॉल यांनी १९७० मध्ये आणला. मे २०२५ मध्ये १३५ पात्र होते, दोघे आजारामुळे आले नाहीत, उरले १३३. दोन-तृतीयांश हवेत, म्हणजे ८८.६६, माणसाचे तुकडे होत नाहीत, म्हणून ८९. भारताचे मतदार चार होते: गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे जॉर्ज कूवकाड. मुंबईचे ऑस्वल्ड ग्रेशस डिसेंबर २०२४ मध्ये ऐंशीचे झाले, त्यामुळे ते मतदार नव्हते. एका वाहिनीवर त्यांना रात्रभर ‘मतदान करणारे मुंबईकर’ म्हणून दाखवत होते. आणि ‘यंदा भारतीय पोप?’ हे शीर्षक माझ्या पाळीत लागणार नाही. प्रश्नचिन्ह लावलं तरी नाही.

आता खरी कसोटी, धुराची: काळा म्हणजे निवड नाही, पांढरा म्हणजे झाली. पहिल्या दिवशी दुपारनंतर एकच फेरी होते. त्यानंतर रोज चार: दोन सकाळी, दोन दुपारनंतर. प्रत्येक मतपत्रिकेवर लॅटिनमध्ये ‘मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो’ असं छापलेलं असतं. खाली नाव लिहायचं, तेही शक्यतो अक्षर ओळखू येणार नाही असं. मोजणारा चिठ्ठी मोठ्याने वाचतो आणि ‘एलिगो’ (निवडतो) या छापील शब्दातून सुई घालून ती दोऱ्यात ओवतो. ओवलेली माळ गाठ मारून शेगडीत जाते. निवड झाली नसेल तर दोन फेऱ्यांच्या चिठ्ठ्या एकदम जाळतात, म्हणून काळा धूर दिवसातून दोनदाच दिसतो, साधारण रोमच्या दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला. याआधी, म्हणजे साडेदहा किंवा साडेपाचच्या आसपास धूर आला, तर तो पांढराच असणार, कारण त्या वेळच्या दोनपैकी पहिल्याच फेरीत निवड झाली. हे लक्षात ठेवलंत तर रंग दिसायच्या आधी हेडिंग सुचेल.

आपली वेळ काढताना इटलीचं घड्याळ उन्हाळ्यातलं की हिवाळ्यातलं ते बघा. एप्रिल ते ऑक्टोबर फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. २०१३ची निवड मार्चच्या मध्यात झाली, तेव्हा पांढरा धूर आला आपल्या रात्री ११.३६ला आणि नाव कळेपर्यंत पाऊण वाजला. शहर आवृत्तीलासुद्धा धावाधाव. २०२५ मध्ये ७ मेचा पहिला काळा धूर फार रखडला. रोमचे नऊ, म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. दुसऱ्या दिवशी, ८ मेला, चौथ्या फेरीनंतर रोमच्या ६.०७ला, आपल्या ९.३७ला पांढरा आला. नाव साधारण एका तासाने येतं. म्हणून पान एकवर सहा कॉलमांची जागा मोकळी, खाली चौकातल्या गर्दीचा फोटो आणि आतलं पान चरित्रासाठी राखीव, असा साचा आधीच लावून ठेवायचा. ग्रामीण आवृत्त्या नावाशिवाय सुटणार, हे वितरणवाल्यांना दुपारीच सांगायचं, म्हणजे रात्री भांडण नाही.

रंगाबद्दल. पूर्वी ओलं गवत घालायचे आणि १९५८ मध्ये पांढरा की काळा यावरून चांगलाच गोंधळ झाला. आता दुसऱ्या शेगडीत रसायनांची कांडी जाळतात. काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन, गंधक. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज, राळ. तरी पहिल्या काही सेकंदांत धूर करडाच दिसतो. २००५ पासून पांढऱ्या धुरासोबत सेंट पीटर्सच्या घंटाही वाजवतात. घंटा ऐकू आल्याशिवाय बटण दाबू नका, आणि त्यासाठी टीव्हीचा आवाज चालू ठेवा. आपल्याकडे तो कायम बंद असतो.

नाव ऐकण्याची एक युक्ती. बाल्कनीत येणारा ज्येष्ठ डीकन-कार्डिनल लॅटिनमध्ये आधी निवडलेल्याचं पहिलं नाव घेतो, मग आडनाव. म्हणून सगळ्या मतदारांची यादी आडनावाप्रमाणे न लावता पहिल्या नावाप्रमाणे लावून टेबलावर ठेवा. दोमिनिक माम्बेर्ती यांनी ‘रोबेर्तुम फ्रान्चिस्कुम’ म्हटल्यावर न्यूजरूममध्ये ‘फ्रान्सिस? पुन्हा फ्रान्सिस?’ असा गलका झाला. यादीत रॉबर्टवर बोट होतं त्याला आडनाव येण्याआधी कळलं: रॉबर्ट फ्रान्सिस प्रेव्हो, जन्म शिकागोचा, आयुष्याचा मोठा भाग पेरूमध्ये, ऑगस्टिनियन संघाचे. पहिले अमेरिकी पोप. सट्टेबाजांच्या आणि पंडितांच्या यादीत पिएत्रो पारोलिन, लुइस अंतोनिओ टागले वरती होते. प्रेव्हो कुठेतरी तळाशी. ‘भावी पोप’ची सचित्र यादी छापायचीच असेल तर आकर्षण म्हणून छापा, भाकीत म्हणून नको.

नाव कळल्यावर पोप म्हणून घेतलेल्या नावाचा आधीचा धनी शोधा, स्थानिक चौकट तिथे मिळते. प्रेव्हो झाले चौदावे लिओ. तेरावे लिओ म्हणजे कामगारांच्या हक्कांवरचं १८९१चं परिपत्रक, हे सगळ्यांनी दिलं. आपल्याला जास्त जवळचं दुसरं होतं: १८८६ मध्ये भारतातली बिशपांची रीतसर रचना त्यांनीच उभी केली, आणि पुण्यात नगर रस्त्यावर जी पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय आहे, ती त्यांनीच १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू केली होती, १९५५ मध्ये ती पुण्यात आली. पुणे आवृत्तीला अख्खी बातमी आयती.

खोट्या गोष्टींपैकी दोन दर वेळी येतात. एक, सेंट मालाकीची भविष्यवाणी, ‘हा शेवटचा पोप’. तो मजकूर पहिल्यांदा छापला गेला १५९५ मध्ये, मालाकी मरून चार शतकं उलटल्यावर. अभ्यासक त्याला बनावट मानतात. दुसरी, पोपच्या कपाळावर चांदीची हातोडी मारून मृत्यू तपासतात. आजच्या नियमांत असलं काही नाही. पोपची अंगठी निकामी करतात हे मात्र खरं, तिचा शिक्का कुणी वापरू नये म्हणून. फोटोंच्या बाबतीत आता उलटीही तपासणी लागते. पोपच्या वेशातले डोनाल्ड ट्रम्प हे चित्र बघून मी आधी ‘फेक’च्या फोल्डरमध्ये टाकायला सांगितलं असतं. चित्र एआयचंच होतं, पण ते त्यांनी स्वतःच्या खात्यावरून टाकलं होतं, म्हणजे बातमी खरी.

चौदाव्या लिओंचा जन्म १४ सप्टेंबर १९५५चा, त्यामुळे ही फाइल बरीच वर्षं पडून राहू शकते. तेवढ्यात मतदारांची यादी जुनी होते: कुणी ऐंशीचा होतो, कुणी वारतो, नवे कार्डिनल नेमले जातात. दर ईस्टरला ती कुणीतरी अद्ययावत करायची, आणि खाली तारीख टाकायची. छापील प्रत माझ्या डाव्या खणात आहे, किल्ली शिपायाकडे.