टोपणनाव ठेवण्याआधी एवढं विचारून घ्या

बाळाला लाडाने काय म्हणायचं हे कुणी मीटिंग घेऊन ठरवत नाही, आजी एकदा बोलली की तेच चिकटतं, पण चिकटायच्या आधी घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारा की याचा काही भलताच अर्थ निघतो का. मोठ्यांना बऱ्याचदा माहीत नसतं आणि माहीत असलं तरी लाजेने बोलत नाहीत. गोट्या, पप्पू, पोपट घरात गोडच वाटतात, पण सहावी-सातवीच्या वर्गात पोरं त्याचं काय करतात ते आठवून बघा जरा.

चिंकी तर प्लीज नकोच. आपल्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक चिंकी असते, पण ईशान्य भारतातल्या लोकांना हाच शब्द शिवी म्हणून ऐकावा लागतो, 2012 मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना अशा प्रकारांत अॅट्रॉसिटी कायदा लावायला सांगितलं होतं. उद्या पुण्यातल्या हॉस्टेलवर मणिपूरची रूममेट शेजारी असताना आईचा फोन स्पीकरवर आला तर दोघींनाही किती ऑकवर्ड होईल!

परदेशात असाल तर पूजा-पूर्वाचं नुसतं पू करू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ शी होतो.

आधीच चिकटलं असेल तर आजीवर चिडू नका, जवळचंच दुसरं द्या, चिंकीची चिनू वगैरे, लहान मूल पटकन ओ द्यायला लागतं. आणि डब्यावर, बॅगेवर, शाळेच्या गेटवर मात्र खरं नावच.