लंगडा वॉचमन आणि त्याचं काय करायचं

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीतली दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. हातात स्किटचे कागद. स्किटमध्ये एक लंगडा वॉचमन होता आणि मंडळातल्या कुणीतरी त्यांना बजावलं होतं, की आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना विचारून या. त्यातला धीट होता त्याने विचारलं, "काका, असं असं आहे. चालेल ना?"

म्हटलं, "अरे, मला चालत नाही म्हणूनच तर आलास."

हसावं की पळावं, दोघांनाही कळेना. मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. गॅदरिंगचं स्किट असो, मंडळाचा कार्यक्रम असो किंवा ओपन माइक, म्हणजे कुणीही स्टेजवर चढून विनोद ऐकवावेत असा कार्यक्रम, उपयोगी पडेल.

आधी माझी ओळख. राहायला डोंबिवली, वय ४६, बँकेत नोकरी. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा सांगाडा. सात वर्षं झाली, ठाण्या-दादरच्या ओपन माइकला जातो. सुरुवात बहुतेक वेळा एकाच विनोदाने करतो: "देशात वाइल्ड पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये सापडली. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेटही दिलं. म्हणजे आमच्या खात्यात भरती बंद. आहेत ते रिटायर झाले की खातंच गुंडाळणार." हशा येतो, पण त्याआधी अर्धा सेकंद सगळे एकमेकांकडे बघतात, हसू का म्हणून. त्या अर्ध्या सेकंदावरच माझं दुकान चालतं.

तेव्हा अपंगत्वावर विनोद करावा का, या प्रश्नावर माझं उत्तर 'करा' असं आहे. फक्त फुकट करू नका. थोडे कष्ट घ्या.

पहिलं काम म्हणजे तो विनोद कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा. हातवारे नाहीत, लंगडणं नाही, तोतरं बोलणं नाही, डोळे तिरळे करणं नाही. साध्या आवाजात, रेशनची यादी वाचावी तसा. समोरचा हसला तर विनोद आहे. नाही हसला तर तुमच्याकडे विनोद नव्हता, नुसती नक्कल होती, आणि नक्कल शाळेतली पोरं तुमच्यापेक्षा चांगली करतात. माझ्या मागून माझ्यासारखं चालणारा एक वर्गमित्र होता. इतकं हुबेहूब चालायचा की एकदा कॅलिपरवाल्या मिस्त्रीला त्यालाच दाखवावं असं मला वाटलं होतं.

पोरांनी स्किट माझ्यासमोर असंच वाचलं. चार पानांतलं साडेतीन पान पडलं. उरलं ते एकच: वॉचमन चोराच्या मागे लागतो, आणि थोडं पुढे गेल्यावर चोर थांबून त्याची वाट बघतो. यावर मीही हसलो. कारण तो विनोद पायाचा नाही. त्यात चोराचा स्वभाव दिसतो.

दुसरं काम माहिती काढायचं, आणि बहुतेक लोक इथेच आळस करतात. ज्याच्यावर लिहिताय तसा माणूस गाठा, त्याच्याबरोबर तासभर बसा, चहाचे पैसे तुम्ही द्या. 'तुम्हाला कसं वाटतं' असलं काही विचारू नका. बूट कुठून घेता ते विचारा. माझं एक पाऊल सात नंबरचं, दुसरं पाच नंबरचं. दुकानदार जोडी फोडत नाही, म्हणून दोन जोड घ्यावे लागतात आणि घरात दोन अनाथ बूट उरतात. विरारला राहणारा, उलट्या पायाचा एक माणूस मी बरीच वर्षं शोधत होतो. सापडला. आता आमची पार्टनरशिप आहे. कधी त्याला तपकिरी आवडतो आणि मला काळा, की झालं भांडण. हे तुम्ही घरबसल्या सुचवू शकला असतात का?

किंवा लोकलचं विचारा. दिव्यांगांच्या डब्यात सकाळी धडधाकट लोक इतके असतात की मला दारात लटकावं लागतं. टीसी चढला की अख्खा डबा लंगडायला लागतो. आणि तो सर्टिफिकेट मागतो मला! सर्टिफिकेटचीही गंमत आहे. सवलती हव्या असतील तर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. मला ५५ मिळाले. आमच्या घराण्यात एवढे टक्के कुणी कशातच पाडलेले नाहीत. आई शेजारी पेढे वाटायची बाकी होती.

कॅलिपरच्या गुडघ्यापाशी एक कडी असते. बसताना ती वर ओढून पाय मोकळा करायचा. उभं राहून पाय ताठ केला की ती खाली पडते आणि आवाज होतो, खट्ट. नाटकात नायिका मरत असताना, थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असताना, मी पाय मोकळा करायला जातो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर 'खट्ट' झालं की सेक्रेटरी लगेच म्हणतात, "हं, बोला." मला बोलायचं नसतं हो. पाय अवघडलेला असतो.

पोरं वहीत लिहून घेत होती.

मग प्रश्न येतो, की या सगळ्यात मूर्ख कोण ठरतो? विनोदात कुणीतरी मूर्ख ठरणारच, त्याशिवाय मजा नाही. पण तो आपणहून निवडायचा. गणपतीच्या देवळाच्या पायरीवर मी पट्टा आवळायला बसलो होतो. एका बाईंनी नमस्कार करून माझ्या मांडीवर दहाचं नाणं ठेवलं. मी ठेवून घेतलं; चपला सांभाळणारा तिथे पाचच घेतो. या प्रसंगात पाय माझा आहे, पण विनोद त्यांचा आहे. थोडा माझाही, कारण मी ते परत केलं नाही. तुम्ही स्वतः अपंग नसाल तर तुमच्यासाठी सगळ्यात मोकळी जागा हीच: गोंधळलेला माणूस तुम्ही व्हा. आंधळ्या माणसाशी मोठ्याने बोलणारे तुम्ही. ज्याला रस्ता ओलांडायचाच नव्हता त्याला हाताला धरून पलीकडे नेऊन सोडणारे तुम्ही. मुंबईच्या निधी गोयल अंध आहेत आणि स्टँडअप करतात. त्यांचे व्हिडिओ बघा, आणि हशा कुणाच्या वागण्यावर पडतो तेवढं टिपून ठेवा.

समोर अपंग प्रेक्षक दिसला तर काय करायचं, हेही सांगतो. ठाण्यात एका पोराने पहिल्या रांगेची यथेच्छ उडवली. एकाचं टक्कल, एकीचा नवरा, एकाची नोकरी. माझ्यापाशी आला, कॅलिपर दिसलं आणि चेहरा पडला. "आलात, बरं वाटलं सर," म्हणून पुढे गेला. अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. मला शाळेतल्या त्या नकलेचं वाईट वाटलं नव्हतं इतकं याचं वाटलं. अरे, माझा शर्ट बघायचास की! त्या दिवशी मी हिरव्यावर जांभळी फुलं घातली होती.

सगळ्यांना मात्र ही मुभा नाही. ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याला हात लावायचा नाही. लहान मूल, आजारी बाळ, ज्याला बौद्धिक अपंगत्व आहे असा माणूस. मी स्टेजवर चढून तुमची फिरकी घेऊ शकतो. ते नाही घेऊ शकत. एसएमए हा स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार. त्यावरच्या एका इंजेक्शनची किंमत १६ कोटींच्या घरात. अशा बाळाच्या उपचारावर समय रैनाने विनोद केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला आणि इतर चार कॉमेडियनना जाहीर माफी मागायला सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये अशा रुग्णांच्या मदतनिधीसाठी कार्यक्रम करायला. न्यायाधीशांनी विनोद तपासत बसावं हे मला आवडत नाही, स्पष्ट सांगतो. पण माझी खरी तक्रार कारागिराची आहे. एका इंजेक्शनला १६ कोटी! त्या आकड्यातच केवढा मोठा, काळाकुट्ट विनोद बसलाय. तो सोडून बाळाच्या बिछान्यापाशी कशाला जायचं?

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत; ठेंगणेपणा आणि ॲसिड हल्ल्यातले बळीही त्यात येतात. कलम ९२ प्रमाणे चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने अपंग माणसाला हिणवलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एका सिनेमाच्या खटल्यात मला फार उपयोगी वाटणारा फरक सांगितला: अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद वेगळा आणि माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा. मी पोरांना एवढंच म्हटलं, की पहिल्यात हसून झाल्यावर तुम्हाला काहीतरी नवीन कळलेलं असतं.

शब्दांवरून फार घाम गाळू नका. 'दिव्यांग' हा शब्द २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी पुढे आणला, आता सरकारी कागदावर तोच असतो. मला तो चालतो. पण मे महिन्यात कॅलिपरचा पट्टा घामाने चिकटतो तेव्हा माझ्या अंगात दिव्य असं काही सापडत नाही. मी स्वतःला अपंग म्हणतो, माझा मित्र दिव्यांग म्हणवून घेतो. समोरच्याला विचारा आणि तो सांगेल तो शब्द वापरा. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही म्हण मी बँकेत स्वतःबद्दल सर्रास वापरतो. तुम्ही माझ्याबद्दल वापरलीत तर बघावं लागेल. 'मतिमंद', 'येडा' हे शब्द शिवी म्हणून वापरणं मात्र सोडाच. त्यात विनोद तर नाहीच, शिवी म्हणूनही ते फुसके आहेत.

कार्यक्रमाला खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती असेल तर तुमचा शेवटचा शब्द तिच्या हातांत यायला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा, नाहीतर अर्धे लोक आधी हसतात आणि अर्धे तुमच्या पुढच्या वाक्यात. ली रिडली नावाच्या ब्रिटिश माणसाला बोलता येत नाही. यंत्राच्या आवाजात विनोद ऐकवून तो २०१८ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकला. त्याची वाक्यं आधीच टाइप केलेली असतात. तरी टायमिंग जमतं, कारण त्याला थांबता येतं.

आणि चूक झालीच तर? 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य वापरू नका. 'असतील तर' काय? दुखावल्या म्हणून तर तो माणूस आलाय. काय बोललात ते सांगा, चुकलं म्हणा, आणि पुढच्या वेळी तो विनोद काढून टाका. माफी मागून पुढच्या शनिवारी तोच विनोद दुसऱ्या गावात करणारे मी पाहिलेत.

तर पोरांनी स्किट पुन्हा लिहिलं. आमच्या इमारतीला रॅम्प आहे. फूटभर चढायला बारा फूट लांबी हवी. आमचा चार फुटांत संपतो, म्हणजे घाटच. शिवाय त्यावर कायम कुणाची तरी ॲक्टिव्हा लावलेली. नव्या स्किटमध्ये चोर टीव्ही खांद्यावर घेऊन रॅम्पने पळतो आणि त्या ॲक्टिव्हापाशी अडकतो. मागून वॉचमन आरामात येतो आणि म्हणतो, "इथे रोज मी अडकतो, साहेब. डावा पाय असा तिरका टाका. टीव्ही धरू का?"

वॉचमन झालेला मुलगा सरळ चालला, अजिबात लंगडला नाही. मी विंगेत माइक घेऊन बसलो होतो. तो थांबला की मी कडी सोडायचो, खट्ट. तिसऱ्या खट्टला लोकांना कळलं, आणि पाचव्याला तो नुसता थांबला तरी मांडव हसत होता. सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते. सवयीने म्हणाले, "हं, बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो. ॲक्टिव्हा रॅम्पवरच होती. डावा पाय तिरका टाकला आणि गेलो.