अकाउंट्समध्येच काम करायचंय, मग बी.कॉम. हवंच का?

दुकानात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बिलं चढवणाऱ्या मुलाला कुणी डिग्री विचारत नाही. बँकेतल्या क्लार्कच्या आयबीपीएस परीक्षेला मात्र पदवीशिवाय बसताच येत नाही. आकडेमोड दोन्हीकडे आहे, म्हणून आधी काम ठरवा, कॉलेज नंतर.

सुरुवातीला कागदावर लिहा : दहा वर्षांनी तुम्ही नेमकं काय करत असाल? ‘अकाउंट्समध्ये असेन’ हे उत्तर चालणार नाही. ताळेबंदावर ऑडिटर म्हणून सही करायची, कुणाच्या धंद्याचे हिशेब सांभाळायचे, की सरकारी नोकरी हवी?

सही करायची असेल तर सीए व्हावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्यासाठी पदवी सक्तीची नाही. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा, मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी (2023 च्या नव्या योजनेआधी ती तीन वर्षांची होती) आणि फायनल. सगळं पहिल्या फटक्यात निघालं तर साधारण साडेतीन वर्षं. तसं फार थोड्यांचं निघतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दुसरी वाट पदवीनंतरची : कॉमर्सला 55 टक्के किंवा इतर शाखेला 60 टक्के असतील, तर फाउंडेशन द्यावी लागत नाही. बारावीला गणिताने दमवलं असेल तर ही वाट बरी.

सरकारी नोकरीकडे ओढा असेल तर विचार करत बसू नका, पदवी घ्या. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतली अकाउंटंट, ऑडिटरची पदं पदवीधरांसाठीच आहेत. स्वतःचं काम काढून जीएसटी प्रॅक्टिशनर (इतरांची जीएसटी विवरणपत्रं भरून देणारा) म्हणून नोंदणी करायची असली, तरी नियमात कॉमर्स, कायदा यांसारखी पदवी किंवा सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांची अंतिम परीक्षा मागितली आहे.

राहिला हिशेब सांभाळणारा. त्याची खरी परीक्षा महिन्याच्या तारखांना होते : सातला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) भरायचा, अकराला जीएसटीआर-1 हे विक्रीचं विवरणपत्र, वीसला जीएसटीआर-3बी हे कर भरण्याचं. त्यामुळे फी भरण्याआधी एक प्रयोग करा. ओळखीच्या दुकानदाराकडून एका महिन्याची खरेदी-विक्रीची बिलं आणि बँक स्टेटमेंट मागा. नोंदी करा, बँकेशी मेळ घाला. मग खरेदीची यादी जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून बनणाऱ्या तक्त्याशी, ताडून बघा. ते चौदा तारखेला जीएसटी पोर्टलवर येतं. कुठल्या पुरवठादाराने बिल चढवलंच नाही, हे शोधताना मजा आली तर तुम्ही या कामाचे. डोकं उठलं, तर तीन वर्षांचं बी.कॉम. करूनही ते उठणारच आहे.

प्रयोग जमला, तरी पदवी सोडू नका असंच मी म्हणेन. नोकरी धरा आणि सोबत मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून याचसाठी आहे. दिवसा व्हाउचर हाताळणाऱ्याला रात्री घसाऱ्याचा (वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याचा) धडा लवकर कळतो. शिवाय मालक बदलला आणि मोठ्या कंपनीत अर्ज करायची वेळ आली, की तिथली पहिली चाळणी बहुतेक वेळा पदवीचीच असते. तिथे तुमचा अनुभव बघेपर्यंत अर्ज बाजूला पडलेला असतो.

दूरशिक्षणाला प्रवेश घेताना एवढं बघा : त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची मान्यता आहे ना? एजंटच्या तोंडी हमीवर फी भरू नका, यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव स्वतः शोधा.